बी बाजूची शेवटची चाळीस सेकंदं

१

कॅसेट 'भरून' मिळायची तेव्हाची ही गोष्ट आहे. साल सत्त्याण्णव. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचं, आणि दुकानदार आपल्याकडच्या कॅसेटींतून एकेक गाणं शोधून ती भरून द्यायचा. धुळ्यात आग्रा रोडवरचं गनीभाईंचं दुकान या कामात नावाजलेलं होतं. पुढे काउंटर, मध्ये काच लावलेली पलंगाएवढी खोली, तिच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि मागे राहायचं घर.

गनीभाईंची एक पद्धत होती. बाजू संपताना टेप थोडी उरतेच. बाकीचे दुकानदार तिथे अर्धं गाणं कोंबायचे. गनीभाई तिथे स्वतः बोलायचे, "ही कॅसेट गनीभाईंनी भरली, धुळे. ऐका, खूश राहा." साक्रीपासून शिरपूरपर्यंत लग्नाच्या मांडवात गाणी संपली की हा आवाज यायचा, आणि पोरंटोरं बरोबरीनं म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि वाचा गेली. उरला तो घशातून निघणारा एक खोल, खरखरीत आवाज. एकदा काढला तर पाणी, दोनदा म्हणजे कूस बदलून दे, तीनदा म्हणजे रेडिओ लाव. काउंटरवरच्या गिऱ्हाइकांना मागून तो आवाज आला की त्यांची तोंडं उतरायची. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची. त्यांची एकुलती एक मुलगी शहनाज, सव्वीस वर्षांची, तिला मात्र तो आवाज म्हणजे घरात अब्बा असल्याची खूण होती.

दुकान आता तीच चालवत होती. शेवटचं बोलणं अब्बांच्या जुन्या कॅसेटवरून उचलून जोडायची. तिने स्वतः बोलावं असं कुणी सुचवलंच, तर अन्वरचाचा म्हणायचे, "बाईमाणसाचा आवाज गावभर वाजत फिरणार? शोभतं का?" हे चाचा म्हणजे गनीभाईंचे धाकटे भाऊ. सल्ला द्यायला रोज हजर, मदतीला ईदचा चांद.

२

मार्चमध्ये आधार आला, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मूळचा रावेरचा. बाप केळीच्या ट्रका भरणाऱ्या टोळीत होता, पोरगा शिकून जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागला. रजेवर आला की बहिणीकडे जळगावला, पिंप्राळ्यात उतरायचा, आणि कॅसेट भरायला मात्र धुळ्यालाच यायचा.

"जयभीम, चाचा," त्याने आतल्या खोलीकडे पाहून हात जोडले. गनीभाईंनी एकदा आवाज काढला. आधार दचकला नाही. त्याने स्वतःच माठातलं पाणी नेऊन दिलं. शहनाजला तो याचसाठी आवडायचा.

त्याने एक कॅसेट काउंटरवर ठेवली. काळं वेष्टन, त्यावर धुक्यातलं दगडी देऊळ, अक्षरं वाचता येत नव्हती.

"हॉलंडच्या बंदरात घेतली. तिकडे याला गॉथिक मेटल म्हणतात. बहीण म्हणते घरात लावू नको, कुणीतरी मेल्यासारखं वाटतं. तू ऐक. परवा माझी रजा संपते, त्याच्या आत दोन कॉप्या कर. एक माझ्या दोस्ताला, पिंप्राळ्यातल्या वनाला."

दुपारी शहनाजने कानाला हेडफोन लावले. बी बाजूचं शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं होतं. आधी ऑर्गन, रिकाम्या मोठ्या जागेत वाजावा तसा. मग गिटारी आल्या, संथ आणि जड, रुळावरून मालगाडी जाताना पायाखालची जमीन हलते तशा. आणि मग एक बाई गायला लागली. तिचा आवाज वर चढला आणि चढतच राहिला, कुठेही न थरथरता. शहनाजला वाटलं, एवढ्या वर कुणी एकटं कसं जाऊ शकतं. तेवढ्यात खालून दुसरा आवाज आला. पुरुषाचा. शब्द नाहीत, सूर नाही, नुसता घशातून खरवडून काढलेला. बाई थांबली. तिने तो ऐकून घेतला, आणि त्याला उत्तर दिलं.

शहनाजच्या डोळ्यांना धार लागली. जो आवाज ऐकून गिऱ्हाइकं दुकानाची पायरी उतरतात, त्या आवाजाला या लोकांनी गाण्यात मानाची जागा दिली होती. त्याच्यासमोर एवढी सुंदर बाई उभी केली होती, आणि ती कान झाकत नव्हती. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण हे गाणं आपल्याच घरासाठी केलंय हे तिला पक्कं ठाऊक झालं.

त्याच भरात तिच्या हातून चूक झाली. आधार मूळ कॅसेट परत नेणार म्हणून तिने आधी एक मास्टर बनवली, म्हणजे दुकानात ठेवायची प्रत, जिच्यावरून पुढच्या सगळ्या कॉप्या निघतात. अब्बांचा पहिला नियम होता, की मास्टरवर आपला आवाज घालायचा नाही, तो फक्त गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर. पण गाणं संपलं, पुढे चाळीस सेकंद कोरी टेप होती, डोळे भरलेले होते, आणि हात सवयीने चालले. "ही कॅसेट गनीभाईंनी भरली, धुळे. ऐका, खूश राहा."

लक्षात आलं तेव्हा ती स्वतःशीच हसली. चालायचंच, म्हणाली. जोडायचा त्रास वाचला.

३

गाणं पसरलं. वनाने कॉलेजात ऐकवलं, तिथल्या होस्टेलची पोरं जळगावहून एस.टी.ने कोऱ्या कॅसेटी पाठवू लागली. एप्रिलअखेर शहनाजने त्या मास्टरवरून सतरा कॉप्या काढल्या होत्या.

मग वनाचा फोन आला, एस.टी.डी. बूथवरून.

"अक्का, रागवू नका. नव्या कॅसेटमध्ये चाचांचा आवाज गाण्याच्या आत येतोय."

"आत म्हणजे?"

"गाणं संपायच्या आधी. माझ्या कॅसेटमध्ये संपल्यावर येतो. होस्टेलवाल्यांच्या कॅसेटमध्ये ती बाई गात असतानाच येतो. पोरांना वाटलं तुम्ही मुद्दाम केलं. भारी वाटतं म्हणतात."

शहनाजने मास्टर लावली. डेकवर तीन आकडी काउंटर असतो, टेप कुठवर आली ते सांगणारा. तिच्या वहीत नोंद होती, बाई पहिल्यांदा गाते ३२२ वर, गाणं संपतं ४८६ वर, अब्बा ४९० वर. तिने कान लावले. ४६१ वर, गिटारींच्या खालून, अब्बा बोलले. पुढे ४९० वर कोरी टेप सूं सूं करत गेली. तिथे काहीच नव्हतं.

४

शहनाज आपले डेक स्वतः दुरुस्त करणाऱ्या बापाची पोर होती. भूत म्हणण्याआधी पट्टा तपासणारी. तिने डेकचा पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसलं. टेप गुंडाळून पडली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो हे तिला माहीत होतं. पण तो पुसट उमटतो, आणि फार तर दोन सेकंद मागेपुढे. काउंटर बिघडला म्हणावं तर बाई ठरल्याप्रमाणे ३२२ वरच गात होती. सरकत होते ते एकटे अब्बा. आणि कॉपी काढली की आवाज मळतो हा या धंद्यातला नियम. इथे प्रत्येक कॉपीला ते अधिक स्वच्छ ऐकू येत होते.

४४०. ४२८. ती प्रत्येक कॉपीनंतर आकडा लिहायची. कॉप्या थांबवून पाहिल्या, तर नुसतं वाजवूनही ते सरकले. दोन दिवस कॅसेट कपाटात ठेवली. तिसऱ्या दिवशी ४१५.

मे लागला होता. धुळ्यात पारा त्रेचाळीसच्या वर. देवपुरातली रुक्माबाई कानबाईच्या सणाच्या गाण्यांची कॅसेट भरायला आली आणि काचेच्या खोलीच्या दाराशी रेंगाळली.

"पोरी, आठे गार कसं काय लागस व? ए.सी. लायना का?"

"नाही हो अक्का. पंखाही बंद आहे."

"मंग हाई काय शे?" रुक्माबाईने खोलीच्या काचेवर बोट ठेवलं. तोंडाच्या उंचीवर, आतल्या बाजूने, वाटीएवढा वाफेचा गोल होता. थंडीत काचेजवळ श्वास सोडला की उमटतो तसा. दोघींच्या देखत तो हळूहळू विरला. रुक्माबाईने पुढे काही विचारलं नाही. कॅसेटही उद्या नेते म्हणाली.

अब्बांचा आवाज बसत चालला होता. आधी तीनदा काढायला जमेना. मग दोनदाही नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. शहनाजने मान हलवली, आणि घरी येऊन वहीतल्या आकड्यांसमोर अब्बांच्या आवाजाची तारीखवार नोंद मांडली. दोन्ही रांगा बरोबरीने उतरत होत्या.

त्या दुपारी तिने स्पीकर बंद ठेवला आणि हेडफोनवर गाणं लावलं. काचेतून मागच्या खोलीतली अब्बांची खुर्ची दिसत होती. मधलं दार लावलेलं, त्याला वर जाळी. त्यांना काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. काउंटर ४०१ वर आला. तिच्या कानात अब्बा म्हणाले, "ही कॅसेट गनीभाईंनी भरली," आणि जाळीपलीकडे अब्बांचे ओठ हलले. शब्दाला शब्द. दोन वर्षं डावीकडे ओढलेलं ते तोंड तेवढ्या आठ सेकंदांपुरतं सरळ झालं होतं. मग पुन्हा वाकडं झालं. ते शहनाजकडे पाहत नव्हते. तिच्या खांद्यामागे, खोलीच्या कोपऱ्यात पाहत होते, आणि कुणी ओळखीचं हाक मारतंय असा त्यांचा चेहरा होता.

शहनाजने मागे वळून पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नाही. भीती वाटतेय हे त्या कोपऱ्याला दाखवायचं नव्हतं म्हणून.

५

"जाळून टाक," अन्वरचाचा म्हणाले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "सैतानी चीज आहे ती. पहिल्या दिवशी ऐकली तेव्हाच म्हटलं होतं मी, हे मुर्दाघराचं गाणं आहे."

"जाळली तर अब्बा कुठे जातील? आता ते तिच्यात जास्त आहेत आणि खुर्चीत कमी."

"मग त्या बाईचा आवाज पुसून टाक."

हा विचार शहनाजच्या मनात येऊन गेला होता. टेपवर दुसरं काही भरलं की आधीचं पुसलं जातं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ती बाई नसेल तर अब्बांना उत्तर कोण देणार, ते मध्येच अडकून राहतील? आणि खरं सांगायचं तर तिला ते गाणं मरू द्यायचं नव्हतं. अजूनही, इतकं झाल्यावरही, बाईचा आवाज वर चढला की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि तो भीतीचा नसायचा. चांगल्या गोष्टीला दात असतात म्हणून ती वाईट ठरत नाही, असं तिचं मत होतं. आणि मतावर अडून बसण्यात ती बापावर गेली होती.

"गाणं चांगलं आहे, चाचा," ती म्हणाली. "ते मी पुसणार नाही. आणि अब्बांनाही देणार नाही."

"दोन्ही कसं होईल?"

"बघू. दुकान कुणाचं आहे ते त्या बाईला अजून कुणी सांगितलेलं नाही."

चाचा कपाळाला हात लावून गेले. चहा मात्र पिऊन गेले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा ३५२ वर होते. खुर्चीत त्यांचे ओठ नुसते उघडत होते, आवाज एकदाही नाही. पाणी हवं का हे शहनाजला विचारावं लागलं, आणि विचारूनही कळेना. बाई ३२२ वर सुरू होत होती. मध्ये तीस आकडे उरले होते; तेवढे संपले की खुर्चीत काहीच उरणार नव्हतं.

पण त्या तीस आकड्यांत एक जागा होती. ३४० ला सगळी वाद्यं थांबतात, बाई एक ओळ संपवून गप्प होते, आणि चार सेकंद नुसती शांतता असते. गाण्यातली तिची सर्वांत आवडती जागा. शहनाजने दुकानाचं शटर पूर्ण उघडलं. रस्त्यावर ट्रकांची वर्दळ होती, समोर सायकलवाला छगन पंक्चर काढत बसला होता. हे काम तिला उजेडात, चार लोकांच्या देखत करायचं होतं.

कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची कुडी मोडली की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. मास्टरची कुडी तिने मार्चमध्येच मोडली होती. आता तिने त्या भोकावर चिकटपट्टी लावली, माइक जोडला आणि काचेच्या खोलीत बसली. आत पाय बधिर होतील इतका गारवा होता. टेप सुरू झाली. ३२२. बाई गायला लागली. इतक्या जवळून, की हेडफोन काढूनही ऐकू यावी. शहनाजने हेडफोन काढला. ऐकू येतच होती.

३४०. वाद्यं थांबली. डेकवरच्या आवाज मोजणाऱ्या काट्यांनी शून्यावर पडायला हवं होतं. ते पडले नाहीत. दोन्ही काटे वर चढून लाल पट्टीत टेकले आणि तिथेच राहिले, आणि खोलीत चिटपाखराचाही आवाज नव्हता. माइकसमोर कुणीतरी तोंड उघडून उभं असावं तसं.

शहनाजने लाल बटण दाबलं आणि माइक स्वतःकडे ओढला. तो जड लागला. पलीकडून धरलेला असावा तसा. तिने दोन्ही हातांनी ओढला.

"मी शहनाज, गनीभाईंची मुलगी," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच टेपवर. "पुढचं मी सांगेन."

बटण सुटलं. बाईने पुढची ओळ उचलली, पण अर्धा क्षण उशिरा. इतक्या दिवसांत तिचा ठेका पहिल्यांदाच चुकला होता.

शहनाज ३५२ ची वाट पाहत राहिली. ३५२ आला आणि गेला. ३६०. ३८०. ४०५ वर, गिटारींच्या खालून, दमल्यासारखे अब्बा बोलले. ते मागे फिरले होते. त्याच वेळी जाळीपलीकडून घशातला खरखरीत आवाज आला. एकदाच. शहनाज पाण्याचा पेला घेऊन धावली, तेव्हा तिच्या हातातून अर्धं पाणी सांडलं.

७

पुढे अब्बा रोज थोडे मागे आले. पावसाळा संपेपर्यंत ४९० वर पोहोचून स्थिर झाले. दोनदा आवाज काढू लागले, मग तीनदा. सरकायला लागली ती शहनाज. ३४० वरचं तिचं वाक्य ३३८ ला आलं, ३३४ ला आलं. तिने वहीत आकडे लिहिले आणि कॉप्या काढणं थांबवलं नाही. होस्टेलच्या पोरांना नवी जागा फार आवडली होती.

तिचा घसा बसत गेला. दिवाळीपर्यंत इतका, की फोनवर लोक विचारायचे, "भाऊ, दुकान उघडं आहे का?" ती त्याच आवाजात म्हणायची, "उघडं आहे, या." चाचांनी काढा आणून दिला. तिने घेतला. गुण आला नाही. मग तिने एक वेगळीच गोष्ट सुरू केली. रोज दुपारी गाणं लावायचं, आणि ३२२ ला बाई सुरू झाली की आपल्या खरखरीत घशाने तिच्या बरोबरीने गायचं. माघार घ्यायची नाही. ती ज्या जागी नेतेय तिथे फरफटत कशाला जायचं, आपल्या पायांनी जाऊ, असा तिचा हिशेब होता.

डिसेंबरमध्ये आधार आला. मूळ कॅसेट घेऊनच आला. गनीभाईंना हात जोडले, माठातलं पाणी दिलं, आणि शहनाजचा आवाज ऐकून क्षणभर थांबला.

"काय झालं घशाला?"

"कामाला लागलाय. लाव तुझी कॅसेट."

"तेच सांगायला आलोय. ही नऊ महिने माझ्या पेटीत होती, समुद्रावर. धुळ्याहून गेल्यावर हिच्यावर काही भरलेलं नाही." त्याने हेडफोन तिच्याकडे सरकवला. "तूच ऐक."

ऑर्गन वाजला. गिटारी आल्या. ३२२ वर एक बाई गायला लागली. आवाज वर चढला, चढतच राहिला, कुठेही न थरथरता. तो परदेशी बाईचा नव्हता. शहनाजला स्वतःचा आवाज ओळखायला वेळ लागला, कारण इतक्या उंचावर तो तिने कधी नेला नव्हता. शब्द तिला येत नसलेल्या भाषेतले होते, आणि उच्चार स्वच्छ होते. खालून पुरुषाचा खरवडलेला आवाज आला, तेव्हा ती थांबली, तिने ऐकून घेतलं, आणि त्याला उत्तर दिलं.

शहनाजने डोळे मिटले. घाबरायला हवं हे तिला कळत होतं. पण खोटं कशाला बोलायचं? सुंदर गात होती ती.

"मग ती कुठे आहे?" आधारने हळूच विचारलं. "आधीची?"

गाणं ४८६ ला संपलं. पुढे मूळ कॅसेटवरची चाळीस सेकंदं, जी कोरी होती. काटे चढले आणि लाल पट्टीत टेकले. हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, कुणीतरी श्वास घेत होतं. धावून आल्यासारखा. आत यायची जागा शोधत असल्यासारखा. समोरच्या काचेवर वाफेचा गोल उमटला, आणि त्याच्या जरा वर, पाच बोटांची टोकं.

आधार दोन पावलं मागे सरला. शहनाज पुढे झाली. तिने माइक हातात घेतला. आज तो अगदी हलका होता.

"हे दुकान आमचं आहे," ती आपल्या खर्जात म्हणाली. "तिथेच थांब. बोलावलं की यायचं."

काटे थरथरले आणि एकदम शून्यावर पडले. काचेवरची बोटं मात्र विरली नाहीत. मागच्या खोलीतून अब्बांनी तीनदा आवाज काढला. शहनाजने हेडफोन आधारच्या हातात दिला आणि त्यांचा रेडिओ लावायला गेली.